शेततळ्यातला मासा आणि कामाचे जिवाणू

रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले. यामागे बऱ्याचदा एरोमोनास हायड्रोफिला हा रोगकारक जिवाणू असतो. तो तळ्यात कायमच असतो. ऑक्सिजन घसरला, दाटी झाली की डाव साधतो. बॅसिलस सबटिलिस हा कामाचा जिवाणू माशाच्या आतड्यात आधीच पोचला, तर जागा आणि अन्न दोन्ही अडवतो, वर जिवाणूरोधक द्रव्यंही सोडतो. पण हा प्रतिबंध आहे. जखमा चिघळल्यावर प्रोबायोटिकची (अशा कामाच्या जिवाणूंची) पुडी फोडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पाकिटावरचा आकडा आधी वाचा. ग्रॅमला 100 कोटी जिवाणू असतील, तर 1 किलो खाद्याला 10 ग्रॅम पावडर म्हणजे खाद्याच्या दर ग्रॅमला साधारण 1 कोटी. पावडर थोड्या पाण्यात कालवून तयार गोळी-खाद्यावर शिंपडा, वरून माशाच्या तेलाचा हलका हात द्या, नाहीतर अर्धी पावडर पाण्यातच धुऊन जाते. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी संपवा. गोळी बनवतानाच मिसळलं तर उष्णतेने लॅक्टोबॅसिलस हा दुसरा कामाचा जिवाणू मरतो. बीजाणूरूपातला, म्हणजे टणक कवचात सुप्त असलेला, बॅसिलस बराच तग धरतो.

प्रोबायोटिक थेट तळ्यात सोडायचं असेल तर सकाळी ऊन आल्यावर, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवूनच. हे जिवाणू गाळ खाताना ऑक्सिजनही खातात. संध्याकाळी टाकलं की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासून दिसतात, आणि दोष पाकिटाला जातो! ब्लीचिंग पावडर किंवा पोटॅशियम परमँगनेट नुकतंच मारलं असेल तर थांबा, नाहीतर हेही मरतील. खाद्यातून प्रतिजैविक चालू असतानाही तेच.