जालहळ्ळीतली घड्याळे

रविवार, फोंडा

मावसबहिणीकडच्या बारशासाठी बेंगळुरूला गेले होते. यशवंतपूरहून जालहळ्ळी काही लांब नाही, म्हणून परतीची गाडी पकडण्याआधी एचएमटी या सरकारी घड्याळ कंपनीचे संग्रहालय पाहून घेतले. बारशाला जमलेल्या बायकांना माझी ही आवड अजब वाटली. वाटू दे.

आमच्या घरी एचएमटीला मान जरा कमीच. पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः भारताने केलेल्या १९५५च्या नाकेबंदीनंतर, गोव्याच्या बाजारात विलायती मालाची रेलचेल होती. आजोबांच्या मनगटावर स्विस घड्याळ असे. बाबांनी नोकरी लागल्यावर एचएमटीचे 'जनता' घेतले, तेव्हा आजोबा 'इंडियाचं घड्याळ!' एवढेच म्हणाले होते. गंमत म्हणजे जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बेंगळुरूला ही घड्याळे बनू लागली ते साल १९६१चे. गोवा मुक्त झाला तोही त्याच वर्षी, डिसेंबरात. म्हणजे आजोबांच्या दृष्टीने दोन्ही पाहुणे एकदमच दारात आले!

संग्रहालयात सगळी जुनी मंडळी भेटली: 'जनता', काळ्या तबकडीचे 'पायलट', लग्नात जावयाला हटकून लागणारे 'कांचन'. काही तबकड्यांवर नाव देवनागरीत. अंधांसाठीचे ब्रेल घड्याळ मात्र मला सर्वांत आवडले. काच उघडायची आणि काटे बोटांनी चाचपून वेळ ओळखायची. त्यासाठी काटे बोट लागून सरकणार नाहीत इतके घट्ट हवेत.

'जनता'त १७ ज्वेल असतात. लहानपणी मला ती रत्ने वाटत. प्रत्यक्षात ती कृत्रिम माणके. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात, म्हणून झीज कमी होते. रोज सकाळी चावी द्यायची, बस्स, सेल नाही. बाबांचे अजून चालते. फोंड्याच्या बाजारातले म्हातारे घड्याळजी तेवढे ते उघडतात, त्यांची मुले सेल आणि पट्टे बदलून देतात.

सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय २०१६मध्ये घेतला. टायटन १९८४मध्ये उभी राहिली आणि सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार काबीज केला. माझ्या मते संग्रहालयात पडझडीची ही गोष्टही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. नुसत्या जुन्या आठवणींवर कारखाने चालत नाहीत.

धाकट्या भावाला आता ऑनलाइन 'जनता' घ्यायचे आहे, तेही पोपटी तबकडीचे. असले भडक रंग बहुधा नंतर कुणीतरी चढवलेले असतात, असे त्याला कळवले आहे. ऐकेल असे दिसत नाही.