आयरिसच्या गड्ड्याची पाठ उन्हात हवी

सप्टेंबरच्या सुरुवातीला बिअर्डेड आयरिसचे (पाकळ्यांवर दाढीसारखे केस असलेलं फुलझाड) सहा गड्डे लावले होते, आणि गेल्या आठवड्यात ऑफिसमधून येऊन बघते तर दोन झाडं पिवळी पडलेली, तिसऱ्याच्या पानांना नुसता हात लावला तर सगळी पानं बुडासकट हातात आली. खाली गड्ड्याचा लगदा झालेला आणि वास इतका घाण की हात दोनदा धुवावे लागले. खूप वाईट वाटलं. इथे न्यू जर्सीत आमच्याकडे थंडी आता दारात आलीये, त्यामुळे जे करायचं ते याच आठवड्यात.

चूक कुठे झाली ते उकरल्यावर लगेच कळलं. मी सांगलीकडची, लहानपणापासून हळदीची लागण बघितलेली, तिथे गड्डा मातीत जातो आणि दोन-अडीच महिन्यांनी वर भरणी करतात, गड्डा उघडा पडू द्यायचा नाही. आयरिसचा गड्डा दिसतो साधारण आल्यासारखा म्हणून मी तसाच तीन इंच खाली पुरला, वर लाकडाच्या भुग्याचा मल्चही (मातीवरचं आच्छादन) टाकला. याचं मात्र बरोब्बर उलटं असतं, मुळं खाली मातीत पण गड्ड्याची पाठ मातीच्या वर, उन्हात. आमची माती चिकण, त्यात पाऊस, गड्डा ओलाच राहिला आणि बॅक्टेरियाची सड लागली.

मग शनिवारी सगळेच काढले. सडलेला भाग चमच्याने खरवडून काढला, पांढरा आणि टणक भाग लागेपर्यंत, मध्ये थांबायचं नाही. मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी करून पुसलं आणि दोन दिवस उन्हात वाळवत ठेवले. एक पूर्णच गेला होता तो कचऱ्यात टाकला, कंपोस्टमध्ये नाही. उरलेले पाच परत लावताना खड्ड्यात मधोमध मातीचा उंचवटा केला, त्यावर गड्डा बसवला आणि मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडली. मल्च काढून टाकला.

एक सांगते, बाहेरची पानं पिवळी पडली की लगेच घाबरून उकरू नका, नवीन लावलेल्या झाडाची जुनी पानं वाळतातच. मधलं पान हिरवं आणि ताठ आहे का ते बघा, गड्डा बोटाने दाबून बघा टणक आहे का, आणि पानं अगदी हलकी ओढून बघा, जमिनीने धरून ठेवलं तर मुळं धरलीत.

खरं तर कडक थंडीच्या निदान सहा आठवडे आधी लावायला हवेत, म्हणजे माझे आता उशिराच झालेत, आणि म्हणून मला जास्त भीती फेब्रुवारी-मार्चची आहे. जमीन रात्री गोठते दुपारी सुटते, त्यात मुळं न धरलेला गड्डा वर उचलला जातो. तसं झालं तर दाबून खाली ढकलायचा नाही, मुळं तुटतात, बाजूने माती सरकवायची किंवा वर एक वीट ठेवायची. जमीन पूर्ण गोठल्यावर पाइनच्या फांद्या हलक्या पसरणार आहे, आधी नाही, आणि वसंत लागला की लगेच काढायच्या. वाळलेली पानं मात्र थंडीतच उचलून फेका, आयरिस बोररची (गड्डा पोखरणाऱ्या किडीची) अंडी त्यांवरच असतात, एप्रिल-मेमध्ये अळ्या निघून पानातून खाली गड्ड्यात शिरतात आणि मागून परत तीच सड. नायट्रोजनवालं खतही आत्ता देऊ नका.

हे सगळं वेड मला माँटक्लेअरच्या प्रेस्बी गार्डन या आयरिसच्या बागेमुळे लागलं, 1927 पासूनची बाग आहे, मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत नुसता रंगांचा डोंगर असतो. जवळ राहत असाल तर नक्की जा.

काल आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "अगं, गड्डे उघडे पडलेत की, माती लाव त्यांना." तिला पटवायला अर्धा तास गेला. पाचातले चार आज टणक आहेत, पाचव्याचं मधलं पान जरा मलूल वाटतंय, त्याला रविवारी परत बघते.