आईशी मराठीत बोलू नका

लायडनहून द हेगला येताना गाडीत आईचा फोन आला. कामवाल्या मावशींची रजा, कैऱ्यांचा भाव, असं छान रंगलं होतं. शेजारच्या आजोबांनी चकार शब्द न काढता काचेवर बोटाने टकटक केलं. काचेवर लिहिलं होतं ‘स्टिल्ते’. या डब्यात बोलायचं नाही. फोन ठेवला, पण डोकं फिरलं ते फिरलंच. माझ्या आईशी मी बोलायचं नाही? (मान्य, डबा मीच चुकले होते.)

ऑफिसच्या वाटेवर पीस पॅलेस लागतो, आंतरराष्ट्रीय न्यायालयाची इमारत. पाकिस्तानने हेर ठरवून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्याचा निकाल १७ जुलै २०१९ ला इथेच लागला, भारताच्या बाजूने, १५ विरुद्ध १. आपले वकील हरीश साळव्यांची एक रुपया फी आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला मात्र त्या फाटकापाशी २५ डिसेंबर २०१७ ची जाधवांची घरच्यांशी झालेली इस्लामाबादची भेट आठवते. आई आणि बायको, दोघींची मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या काढायला लावल्या. बायकोचे बूट तर परत दिलेच नाहीत. मध्ये काच, बोलायचं इंटरकॉमवर. आणि आई मराठीत बोलायला लागली की अडवायचे. शेवटी मराठी बंदच केली. इतक्या महिन्यांनी समोर दिसलेल्या लेकाला ती ‘जेवतोस ना नीट’ हे कुठल्या भाषेत विचारणार होती?

दुपारी जेवताना (ब्रेड आणि चीज, रोज तेच, यांना कंटाळा कसा येत नाही) हे सगळं डच सहकाऱ्याला तावातावाने सांगितलं. बंद दाराआड लष्करी कोर्ट, भारतीय वकिलातीच्या माणसाला भेटू दिलं नाही, कबुलीजबाबावर फाशी. त्या कोर्टांचे कबुलीजबाब कसले, ते पेशावर हायकोर्टानेच २०१८ मध्ये दाखवलं. सत्तरहून जास्त जणांच्या शिक्षा रद्द केल्या, कारण कबुलीजबाब एकाच हस्ताक्षरात होते!

त्याने शांतपणे विचारलं, “पण फाशी तुमच्याकडेही आहे ना?” यांनी नेहमीच्या गुन्ह्यांसाठी ती १८७० मध्येच बंद केली, त्यामुळे यांना विचारायला काय जातंय! मी कसाब काढला. त्यालासुद्धा आम्ही वकील दिला, अपील थेट सुप्रीम कोर्टापर्यंत ऐकलं. आम्ही फाशी देतो, पण ऐकून घेऊन देतो.

“मग चूक कधीच झाली नाही?”

मी घड्याळ बघितलं आणि मीटिंग आहे म्हणून उठले.

मी नाशिकची. २००३ साली आमच्या जिल्ह्यात एका कुटुंबातल्या पाच जणांचं हत्याकांड झालं. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. हायकोर्टाने त्यातल्या तिघांची फाशी कमी केली होती, पण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. आणि २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, त्यांचा तपास कुणी केलाच नाही. सोळा वर्षांची भरपाई, माणशी पाच लाख. आमची दारं उघडी होती, वकील होते, अपिलं होती. तरीही.

पण हे परक्या माणसाला कशाला सांगायचं? तो दोन्ही एकाच तागडीत टाकणार.

संध्याकाळी बोलायच्या डब्यात बसून आईला विचारलं, ती केस आठवते का गं?

“आठवते की. फाशी झाली तेव्हा तूच म्हणाली होतीस, बरं झालं म्हणून.”