आयकार्डाच्या आधी पगारवाढ

"प्रोबेशनमध्येच पगार वाढवून मागायला जीभ कशी रेटली गं तुझी?" आत्याने विचारलं, जुन्या कंपनीतल्यांनी विचारलं, नवऱ्याच्या मित्रांनी तर चहा पिता पिता विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता एकदाच सांगते.

पहिली पेस्लिप बघून दचकले आणि धावत गेले, असं काही नाही. सहा लाखांच्या पॅकेजचा हिशोब मी सही करतानाच केला होता. महिन्याच्या पन्नास हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ २,४००, ग्रॅच्युइटी ९६२ आणि व्हेरिएबलचे, म्हणजे कामगिरी बघून देतात ते, ५,००० आधीच बाजूला. मग माझा तेवढाच पीएफ आणि २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स. हातात ३९,०३८. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं टिकले तरच. हे सगळं मान्य करूनच चाकणला रुजू झाले.

पण घेतलं होतं इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे आत येणारा माल तपासायला. महिना उलटतोय तोच सप्लायर क्वालिटीवाला, म्हणजे सप्लायरांच्या मालाचा दर्जा सांभाळणारा, सोडून गेला आणि त्याच्या फायली माझ्या टेबलावर आल्या. "तात्पुरतं" म्हणून.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "मॅडम, अजून तुमचं पक्कं आयकार्ड आलेलं नाही." गळ्यात व्हिजिटर पासच होता, तोही उलटा झालेला. मी म्हटलं, "सर, तीन सप्लायरांच्या सदोष मालाचे एट-डी रिपोर्ट माझ्या सहीने जातात. तिथे आयकार्ड कोणी बघत नाही." साहेबांनी एचआरच्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, एप्रिलच्या अप्रेझलला सप्टेंबरअखेरपर्यंत रुजू झालेलेच धरतात, तुम्ही जानेवारीतल्या. म्हणजे काम आजपासून आणि पैशाचा विषय पुढच्या वर्षीच्या एप्रिलला! साहेब म्हणाले, "शिकायला मिळतंय ना?" माझा आवाज कापायला लागला. घरून पाच हजार पाठ करून गेले होते, तोंडातून चारच आले. एक हजार मीच कमी केले, कोणी घासाघीस करायच्या आधी.

आणि नुसत्या कामाच्या बोजामुळे गेले, असंही नाही. माझ्याबरोबर रुजू झालेल्या, माझ्याहून कमी अनुभवाच्या मुलाचं पॅकेज आदल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये कानावर आलं होतं. ते कळलं नसतं तर त्या आठवड्यात गेले असते का? बहुतेक नाही. पण म्हणून त्या फायली कमी होत नाहीत. जुन्या कंपनीतली मी म्हणाली असती, थांब, काम दिसेल त्यांना. तिथे अशीच थांबले होते. काम दिसलं, आणखी काम मिळालं.

कन्फर्मेशनच्या पत्रात तीन हजार वाढले. साहेबांच्या मते कस्टमर ऑडिट चांगलं गेलं म्हणून. आत्या म्हणते, गप्प बसली असतीस तरी मिळाले असते. असतीलही. मात्र साहेब तेव्हापासून माझ्याशी मेलवरच बोलतात आणि सुट्टीच्या दिवशी कामाला कोणाला बोलवायचं झालं की पहिलं नाव माझं असतं. तेही त्या तीन हजारांतून वजा करायचं का, ते तुम्हीच ठरवा.