पाच मुलगे, तरी निर्वंश

साताऱ्याकडं वतनाचा विषय निघाला की थोरली पाती कुणाची, धाकटी कुणाची आणि कुणाची तक्षीम किती, हे आधी विचारतात. इंग्लंडच्या जुन्या सरदारांची वंशावळ वाचताना हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. तिथं जहागीर थोरल्या मुलाची. धाकट्यांना बाप देईल तेवढंच. मुलगा नसेल तर मुली वारस, आणि मुलींत मात्र वाटणी सारखी.

इंग्लंडचा सरदार विल्यम मार्शल हा चौथा मुलगा, म्हणजे वारशात जवळजवळ काहीच नाही. 1189 मध्ये इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं आणि तिच्या माहेरचं आयर्लंडातलं लेन्स्टर, वेल्समधला चेपस्टोचा किल्ला त्याच्याकडं आला. 1219 मध्ये तो वारला तेव्हा मागं पाच मुलगे, पाच मुली.

मुलगे एकामागून एक गेले: विल्यम 1231, रिचर्ड 1234 (लढाईतल्या जखमांनी), गिल्बर्ट 1241 (घोड्यावरून पडून), वॉल्टर आणि अन्सेल्म 1245 च्या अखेरीस, महिनाभराच्या अंतरानं. एकालाही औरस मूल नाही. आपल्याकडं दत्तक घेतला असता. इंग्लंडच्या कायद्यात दत्तकाला जागा मिळाली थेट 1926 मध्ये. (1848 मध्ये साताऱ्याचा दत्तक नामंजूर करणारे तिथलेच, हे इथं कुणाला सांगायला नको.)

1247 मध्ये लेन्स्टरचे पाच भाग झाले. कार्लो थोरली बहीण मॉड हिला; किल्केनी, किल्डेअर, वेक्सफर्ड आणि डनमेस बाकीच्या बहिणींच्या वारसांना. मार्शल हे घराण्यात वंशपरंपरेनं चालणारं राजदरबारी पद. ते तोडून वाटता येत नाही, म्हणून ते अख्खं मॉडकडं आणि तिच्यामागून तिच्या सासरच्या बिगॉड घराण्यात गेलं. दुसरी एक बहीण सिबिल, तिला सात मुली. तिच्या पाचव्या हिश्शाचे सात तुकडे, म्हणजे प्रत्येकीला मूळ जहागिरीचा पस्तिसावा भाग.

वंशावळ मांडणारे हमखास चुकतात ते विधवांपाशी. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे, आणि पुनर्विवाहानं तो जात नसे. त्यामुळं वारसांच्या हाती कागदावरचा हिस्सा पुरता येतच नसे. पाच भावांतला थोरला विल्यम, त्याची विधवा एलिनॉर हिला आयर्लंड-वेल्सच्या जमिनीऐवजी वर्षाला 400 पौंड ठरले. पुढं तिनं सिमोन द माँफोर्ट या सरदाराशी लग्न केलं. हे 400 फार कमी आहेत म्हणून नवराबायको राजाशी वर्षानुवर्षं भांडत राहिली. राजा तिचा सख्खा भाऊ.