दहा बाय दहाची बेडरूम की हॉल? स्पीकरसाठी जागा ठरवताना

ठाण्यात घोडबंदर रोडला रीसेलचा टू बीएचके घेतला, तेव्हा राहायला जायच्या आधी रंग, प्लंबिंग आणि थोडं फ्लोअरिंग करून घ्यायचं होतं. त्यामुळे स्पीकर कुठल्या खोलीत जाणार आणि त्यांच्याखाली काय असणार, दोन्ही गोष्टी माझ्या हातात होत्या. भाड्याच्या घरात अशी मुभा कधी मिळत नाही. स्पीकर साधेच आहेत. साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ, पोर्ट म्हणजे खर्ज वाढवणारं भोक मागच्या बाजूला, लोखंडी स्टँडवर. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, त्यातही तबला जास्त.

घरच्यांनी परस्पर निकाल लावून टाकला होता की लहान बेडरूम माझी. दार लावायचं आणि काय वाजवायचं ते वाजवायचं. खोली दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. टेप लावून मोजल्यावर मला ती नकोशी झाली. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या सुराची अर्धी लहर त्यात बरोबर बसते आणि तो सूर त्या खोलीत फुगतो. ११२ चंही तेच. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोघींचे ५६ एकावर एक येतात. उंचीचा हिशेब ५९ ला जातो, म्हणजे तोही शेजारीच. खोली जवळजवळ ठोकळाच, त्यामुळे सगळा गोंधळ एकाच ठिकाणी साचणार.

कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरतं ते बघायला फर्निचर यायच्या आधीच स्पीकर तिथे मांडले आणि फोनवरच्या टोन जनरेटरवरून ५६ चा सूर सोडला. खोलीच्या मधोमध उभं राहिलं की तो जवळपास गायब. भिंतीला पाठ लावली की छातीवर आल्यासारखा. मग तबला सोलो लावला. डाव्यावर, म्हणजे डग्ग्यावर, तळहात घासून वादक सूर चढवत नेतो, तो चढ सलग ऐकू यायला हवा. इथे मध्येच एका जागी तो एकदम मोठा व्हायचा आणि पुढे सरकला की पुन्हा बसायचा. वादकाने न दिलेली आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, खोली देत होती. ठेका ओळखू येत होता, पण डग्ग्याचे वेगवेगळे बोल मात्र सगळे घागरीत तोंड घालून म्हटल्यासारखे एकसारखे.

खालच्या मजल्यावरचे काका संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले. "अहो, दुपारी काही मशीन चालू होतं का तुमच्याकडे? भिंतीतून घूं घूं येत होतं." गाणं त्यांना ऐकूच आलं नव्हतं, फक्त तो एक सूर पोचला होता. मी म्हटलं, "काका, टेस्टिंग होतं, आता नाही व्हायचं." तसंही लहान बेडरूम माझ्या डोक्यातून गेलीच होती.

हॉल दहा बाय अठरा. रुंदीचे ५६ इथेही आहेतच, पण लांबीचे ३१, ६२, ९४ असे वेगळीकडे पडतात. त्यातला ३१ माझे स्पीकर धड वाजवतच नाहीत, तेव्हा त्याची चिंता नाही. शिवाय एका बाजूने पॅसेज आणि किचन उघडं, त्यामुळे खर्जाला निसटायला वाट मिळते. हॉलचा तोटा वेगळाच. बाल्कनीची सरकती काच आणि तिच्यापलीकडे घोडबंदरची वाहतूक. संध्याकाळी काच बंद केल्याशिवाय तानपुऱ्याची आस ट्रकच्या घरघरीत बुडते. रात्री दहानंतर रस्ता जरा शांत होतो, पण तेव्हा आपणही आवाज कमी ठेवायचा असतो. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

फ्लोअरिंगबद्दल मला मिळालेले सल्ले बहुतेक ऐकीव होते. दुकानदार म्हणाला, "वुडन करा सर, साउंड वॉर्म होतो." परदेशातल्या बऱ्याच घरांत खाली पोकळी सोडून लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असतात. ती जमीन खर्जाबरोबर हलते, थोडा खर्ज खातेही. आपल्याकडे लॅमिनेट म्हणजे आठेक मिलीमीटरची पट्टी, खाली फोमचा पातळ थर आणि त्याखाली तोच आरसीसी स्लॅब. आवाजाच्या दृष्टीने ती टाइलची चुलत बहीणच, वर पावसाळ्यात कडा फुगायची भीती. दिसायला आवडत असेल तर जरूर करा, स्पीकरसाठी नको. मी हॉलमधल्या जुन्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स तशाच ठेवल्या.

एक टाइल मात्र बदलली. मिस्त्री हॉलभर थापीच्या दांड्याने ठोकत फिरला. सगळीकडे टक् टक्, आणि नेमका डाव्या स्टँडच्या जागी भद्द आवाज. "साहेब, कोपऱ्याखाली माल भरलेलाच नाही, पोकळ आहे." स्टँडला खाली टोकदार स्पाइक्स होते. स्पीकरसकट सगळं वजन त्या चार टोकांवर येणार, आणि पोकळ कोपरा त्याने तडकू शकतो. जुन्या शेडची टाइल बाजारात कुठेच मिळेना, म्हणून सोफ्याखालची एक सांभाळून उखडली, ती इकडे बसवली आणि सोफ्याखाली वेगळ्या शेडची टाकली. पुढे स्पाइक्सही काढले आणि जाड रबरी पॅड लावले. स्लॅबवर स्पाइक्सचा मला काही फायदा ऐकू आला नाही, आणि पॅडमुळे स्टँडमधून स्लॅबमध्ये जाणारी थरथर कमी होते. काकांसाठी तेवढं करायलाच हवं होतं.

गुळगुळीत जमिनीचा खरा त्रास वरच्या सुरांना होतो. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की मागे 'टर्रर्र' उमटायचं. स्पीकर आणि बसायची जागा यांच्या मध्ये आधी सतरंजी टाकून पाहिली. फक्त वरच्या सुरांची धार थोडी बोथट झाली. तिच्याखाली जुनी कापसाची गादी सरकवली तेव्हा चाटीचे, म्हणजे तबल्याच्या कडेवर वाजणारे, बोल सुटे झाले. बाल्कनीला जाड पडदा आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट आल्यावर टाळीचा 'टर्रर्र' संपला. खर्जावर यातल्या कशाचाच परिणाम नाही. ५६ हर्ट्झची लहर सहा मीटरहून लांब, तिला अडवायला दीडेक मीटर जाडीचा गालिचा लागेल.

शेवटी स्पीकर आखूड भिंतीपाशी, तिच्यापासून दोन फूट पुढे आणि एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवले. माझी खुर्ची समोरच्या भिंतीपासून सुमारे सात फुटांवर आली, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास. सुरुवात करायला तो आकडा बरा पडतो, मग अर्धा-अर्धा फूट पुढे-मागे सरकून पाहायचं. खुर्चीमागे डायनिंग टेबल बसलं, त्यामुळे घरातून हरकतही आली नाही.

ज्यांच्याकडे दहा बाय दहाशिवाय पर्यायच नाही, त्यांनी फ्लोअरिंगला हात लावू नये. खुर्ची बरोबर मध्यावर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका आणि दोन्ही पोर्टमध्ये फोमचे बोळे घालून बघा. घरात बोळे नसतील तर गुंडाळलेला पायमोजाही चालतो.