डावं हेड पुन्हा पाझरलं

माझ्या जुन्या फोक्सवॅगन टी-३ व्हॅनच्या इंजिनाबद्दल मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘गळती संपली, आता गाडीचे पडदे.’ पडदे अजून घडीतच आहेत. शनिवारी सकाळी गाडीखालचा पुठ्ठा ओढला, तर डाव्या हेडच्या (इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) बरोबर खाली निळा डाग. कूलंटच, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी.

नट ५० न्यूटन-मीटरला आवळले होते, टोपीनटांना सीलंटही लावलं होतं. तरी? वैतागून रविवारी हेड पुन्हा उतरवलं. वॉटर जॅकेटचं, म्हणजे हेडपाशी पाणी अडवणारं, रबर धडधाकट. पण ते जिथे टेकतं त्या ॲल्युमिनियमच्या कडेवरून नख फिरवलं, तर अडकलं. सगळं खरवडल्यावर खड्डे दिसले, एकात तर मसुराचा दाणा बसेल. मागच्या खेपेला नीट साफ न करता मी त्यावर सीलंट थापलं होतं. म्हणजे रबराचा दोष नाही, आळस माझा.

वासरबॉक्सरचं, म्हणजे टी-३च्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं, हे दुखणं जुनंच. फोक्सवॅगनने १९८२ मध्ये टी-३च्या बॉक्सर इंजिनाला पाणी पाजलं, पण ते अडवायला हेडखाली रबराची एक पट्टी. त्यात आधीच्या मालकाने हाताला लागेल ते कूलंट ओतलेलं असणार. फॉस्फेटवालं असेल तर ती कड कुरतडलीच जाते.

वेल्डिंग करून घेणार होतो. पण मागे एका वर्कशॉपने मित्राचं हेड घासून तिरकं करून दिलं होतं. नकोच, नवीन हेड मागवतो. मग उजवं का सोडा? तेही उघडलं. आठच्या आठ नट सुटले, एकही स्टड तुटला नाही! त्या आनंदात दोन चहा झाले.

हाच मित्र २ लिटर हवावाली, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची टी-३ चालवतो. म्हणतो, “पाणीच नाही तर गळणार काय?” तेल गळतं ते तो धरत नाही. जर्मनीतल्या श्वार्झवाल्डच्या डोंगरचढावर तेलाच्या तापमानाच्या काट्याकडे बघत थांबतो, आणि जानेवारीत आत हातमोजे घालून बसतो. त्याचे ७० घोडे, माझे ७८. पण माझा हीटर पाय भाजतो. (गंमत म्हणजे १९४९ च्या मूळ जर्मन टेंपो मॅटाडोरमध्येही फोक्सवॅगन बीटलचं हवावालं इंजिन होतं. आपल्याकडची मॅटाडोर आठवा!)

हे लिहितानाच डोक्यात आलं : कूलंट उतरवलंच आहे, तर मागच्या इंजिनापासून नाकातल्या रेडिएटरपर्यंत जाणाऱ्या गंजक्या नळ्याही काढून स्टेनलेसच्या टाकाव्यात. कूलंटमधली हवा काढायला गाडीचं तोंड वर उचलायचा तो तमाशा दोनदा कोण करणार? हेडचं पार्सल आलं की टॉर्क रेंच आधी तपासून घेईन. पडदे यंदा राहिलेच.